निळ्या हेल्मेटची जाहिरात

कामिनी डाखोळे सायकलवर बसली ती हौसेने नव्हे. धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती टेक्निशियन होती. साखरेची, थायरॉईडची रक्तं उपाशीपोटी द्यायची असतात, म्हणून भल्या सकाळी लोकांच्या घरी जायचं, दंडाला रबर बांधायचं, नस शोधायची आणि भरलेल्या नळ्या थंड डब्यात ठेवून लॅबला पोचवायच्या, हे तिचं काम. घरात मोटरसायकल एकच, आणि ती नवरा ताराचंद हिंगण्याच्या कारखान्यात घेऊन जायचा. कामिनीच्या वाट्याला नणंदेच्या मुलीची जुनी सायकल आली.

ती मुळातच भित्री. माहेर सावनेरकडचं. तिकडे घरासमोरून कोळशाचे ट्रक जायचे आणि मागून हॉर्न वाजला की लहानपणी ती रस्ता सोडून सरळ कपाशीच्या शेतात, पऱ्हाटीत शिरायची. नागपुरात शिरायला पऱ्हाटी नव्हती. मग तिने दुसरा उपाय काढला. रस्त्यातली भीतीची प्रत्येक जागा ती लक्षात ठेवू लागली आणि लॅबमधल्या बाकीच्या मुलींसाठी फोनवर लिहू लागली. कुठल्या नालीवरची जाळी उखडली आहे, कोणत्या वळणावर कुत्री अंगावर येतात, कोणत्या पुलाखाली सिटी बस सायकलला भिंतीकडे दाबते. बोलायची तसंच लिहायची. "इथं उतरून पायी जाजो वं बाई, शान नको मारू." कोणीतरी म्हणालं, याचा ब्लॉग कर. तिने केला. नाव ठेवलं 'नागपूर सायकलवरून'.

पहिली दोन-तीन वर्षं वाचणारे सगळे चेहऱ्याने ओळखीचे होते. दूधवाले, शाळेच्या बाया, सेमिनरी हिल्सवर सकाळी भेटणारे पेन्शनर. लोक तिच्यावर विश्वास ठेवायचे त्याचं कारण सरळ होतं. जिथे कामिनी घाबरत नाही तिथे कोणीच घाबरायचं कारण नाही, असं सगळ्यांना वाटायचं.

मग पुष्कर आला. मिहानमधल्या एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करणारा, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, सायकलवेडा मुलगा. "ताई, हे एवढ्यावर ठेवायची गोष्ट नाही," असं म्हणून त्याने ब्लॉगची वेबसाइट केली. कळमेश्वर, सावनेर, नरखेडपर्यंतचे रस्ते नकाशासकट टाकले, हिंदीतही मजकूर दिला, बायकांची सायकल फेरी सुरू केली. वाचणारे हजारांत गेले. पाठोपाठ जाहिराती आल्या. आधी सायकल दुरुस्तीच्या दुकानाची, मग एका सरबताची, आणि त्या दिवाळीच्या आधी कृष्णकांत नावाच्या खेळसाहित्याच्या व्यापाऱ्याची. त्याने निळ्या रंगाचं एक हेल्मेट बाजारात आणलं होतं. फेरीला येणाऱ्या प्रत्येक बाईला तो ते फुकट देणार होता आणि साइटवरून घेणाऱ्यांना सवलत. बदल्यात कामिनीचा एक फोटो हवा होता.

फोटो काढला फुटाळा तलावावर. निळं हेल्मेट डोक्यावर, हात हँडलवर, खाली ओळ, 'मी घालते. तुम्हीही घाला.' फोटो काढून झाल्यावर कामिनीने ते हेल्मेट ताराचंदला दिलं. तिचं आपलं जुनं करडं हेल्मेट तिला सवयीचं होतं. ताराचंदही त्या सुमारास बायकोच्या नादाने आठवड्यातून तीनदा, सोमवार-बुधवार-शुक्रवार, सायकलने हिंगण्याला जाऊ लागला होता.

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी सकाळी कामिनी रामदासपेठेत एका म्हाताऱ्यांचं रक्त घेत असताना फोन आला. फोन चारुशीलाकाकूंचा होता. त्यांची मुलगी नूपुर फिजिओथेरपिस्ट होती आणि बायकांच्या फेरीत कामिनीच्या शेजारी चालवायची.

"कामिनी, नूपुर पडली गं. गोरेवाड्याच्या रस्त्यावर कुत्रं आडवं आलं. शुद्धीवर नाहीये."

दवाखान्यात अतिदक्षता विभागाबाहेर चारुशीलाकाकू एकट्या बसल्या होत्या. रडत नव्हत्या. डॉक्टरांनी मेंदूला सूज आहे एवढंच सांगितलं होतं. कामिनी जवळ बसल्यावर त्यांनी पायाशी ठेवलेली एक थैली तिच्या हातात दिली.

"हे तू घेऊन जा. मला बघवत नाही."

थैलीत निळं हेल्मेट होतं. दोन तुकडे. हनुवटीखालचा पट्टा बकलापाशी उपसून आला होता. कामिनीने एक तुकडा आतून चाचपला तर बोटाला पांढरे दाणे चिकटले. टीव्हीच्या खोक्यात येतो ना, तसला भुसभुशीत थर्माकोल. ती तुकड्याकडे पाहत राहिली, आणि मग तिला वार आठवला. आज शुक्रवार. ताराचंद सायकलने गेला होता.

तिने फोन लावला. बंद. कारखान्यात फोन गेटवर जमा करावे लागत, हे तिला माहीत होतं, तरी तिने पुन्हा लावला, पुन्हा लावला. मग लॅबमध्ये तब्येत बरी नसल्याचं कळवलं आणि सायकल हिंगण्याच्या रस्त्याला घातली.

तो रस्ता तिने स्वतः लिहिला होता. तरी त्या दिवशी तो तिला अनोळखी वाटला. रस्त्याच्या कडेला चार माणसं उभी दिसली की ती लांबूनच ब्रेक दाबायची. एका ठिकाणी खरंच गर्दी होती, जमिनीवर काहीतरी पडलेलं होतं. ती सायकल टाकून माणसांमधून पुढे घुसली. वांग्यांचं पोतं फुटलं होतं. एक माणूस म्हणाला, "काय झालं बाई, काहून रडून राहिल्या?" तेव्हा तिला कळलं की आपण रडतो आहोत.

गेटवरच्या वॉचमनने यादी पाहून सांगितलं, ताराचंद डाखोळे आत आहेत. म्हणजे जाताना काही झालं नव्हतं. पण यायचं होतं. ती तिथेच चहाच्या टपरीवर बसली आणि पाळी सुटेपर्यंत हलली नाही. ताराचंद बाहेर आला तो सायकल ढकलत, मोठ्याने कोणाशी तरी हसत. निळं हेल्मेट हँडलला लटकत होतं.

"तू इथं?" तो घाबरला. "कोणाले काही झालं का वं?"

"ते डोक्यावर काहून नाही घातलं जी?"

"गरम होते त्याच्यात," तो ओशाळून म्हणाला. "उद्यापासून घालतो. खरंच."

"नका घालू," ती म्हणाली, आणि तिथे गेटसमोर सगळ्यांदेखत तिने त्याची बाही घट्ट धरून ठेवली.

घरी आल्यावर ताराचंदने तुकडे नीट पाहिले. तो प्लास्टिकच्या साच्यांवर काम करायचा, त्याला माल कळत होता. तरी तो म्हणाला, "एकावरून सांगता येत नाही. हा एक खराब निघाला असेल."

"मग पाहू ना दुसरा."

दुसरं त्याचंच होतं. भाजीवाल्याकडून दोन लहान भोपळे आणले. एकावर ताराचंदचं निळं हेल्मेट बांधलं, दुसऱ्यावर कामिनीचं जुनं करडं. ताराचंद ते वरून टाकायला गच्चीवर गेला आणि कामिनी खाली अंगणात फोनचा कॅमेरा धरून उभी राहिली. आधी करडं आलं. धप्पकन आवाज झाला, हेल्मेटला एक चीर गेली, भोपळा अख्खा. मग निळं आलं. त्याचा आवाज वेगळाच होता, ओला. पट्टा सुटून हेल्मेट एकीकडे उडालं आणि भोपळ्याचा गर कामिनीच्या पायांवर सांडला. तिला तिथेच ओकारी आली. चित्रीकरणात तो आवाजही आला आहे.

तिला आता एकच सुचत होतं. फेरीत वाटलेली दीडशेच्या वर होती. साइटवरून घेतलेली किती, कोणी, कुठे, काही माहीत नव्हतं. पूर्वी वाचणारा माणूस रस्त्यात भेटायचा, त्याला हात करून थांबवता यायचं. हे नवे लोक म्हणजे नुसती नावं. कोणी मौद्याचा, कोणी काटोलचा, कोणी आपल्या मुलीच्या डोक्यावर ते बांधून तिला क्लासला पाठवणारा.

तिने व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, "माझा फोटो पाहून हे हेल्मेट घेतलं असेल तर घालू नका. मी चुकली. मी ते न वापरताच तुम्हाले सांगतलं."

संध्याकाळी पुष्करचा फोन आला. आवाज चढलेला होता. "ताई, मला न विचारता टाकलंत? त्यांच्याशी करार आहे आपला. निदान एखाद्या प्रयोगशाळेतून तपासून तरी घेऊ."

"तपासेपर्यंत कोणी पडलं तं?"

त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी कृष्णकांत लॅबमध्ये आला. रक्त द्यायला आलेल्या पेशंटांच्या रांगेत खुर्चीवर तो शांत बसून होता. कामिनीने नंबर पुकारला तेव्हा तो उठून आत आला आणि समोरच्या खुर्चीत बसून त्याने बाहीसुद्धा वर केली. क्षणभर तिला वाटलं, याला खरंच तपासणी करायची आहे.

"मॅडम," तो हळू आवाजात म्हणाला, "माल दिल्लीहून येतो. मी काय कारखान्यात बसून बनवतो का? एक पीस खराब निघाला असेल, मी बदलून देतो. त्या मुलीच्या दवाखान्याचंही पाहून घेऊ. पण ते भोपळ्याचं नाटक काढून टाका."

"एक नाही साहेब. दोन फुटले. दोन्ही तसेच."

"तुमचे लॅबचे डॉक्टरसाहेब माझे जुने ओळखीचे आहेत," तो म्हणाला. तो हसत होता. "भले माणूस. कोर्टकचेरीचं लचांड त्यांच्या दारात यावं असं मला वाटत नाही. तुमचे मिस्टर कॉन्ट्रॅक्टवर आहेत ना तिकडे, हिंगण्याला?"

ताराचंद कॉन्ट्रॅक्टवर आहे हे तिने कधी कुठे लिहिलं नव्हतं.

तो गेल्यावर पुढची पेशंट एक म्हातारी बाई होती. कामिनीने दंडाला रबर बांधलं, कापूस फिरवला, आणि तिला नस सापडेना. दोनदा रबर सोडून पुन्हा बांधलं. पंधरा वर्षांत असं झालं नव्हतं. म्हातारीच तिच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "थांब थोडी. मले घाई नाही."

दुपारी साइट उघडून पाहिली तर व्हिडिओ नव्हता. लिहिलेलंही नव्हतं. आत शिरायला गेली तर पासवर्ड चालेना. सगळं पुष्करने उभारलं होतं, किल्ल्याही त्याच्याकडे होत्या. त्याला फोन लावला, त्याने उचलला नाही. तिच्या फोटोखाली ती ओळ मात्र होती. 'मी घालते. तुम्हीही घाला.'

ताराचंद घरी आला तेव्हा ती जेवणाचं ताट समोर घेऊन तशीच बसली होती. तिने सगळं सांगितलं, त्याच्या नोकरीचंही. त्याने दोनदा घसा खाकरला. त्यालाही भीती वाटली, हे तिला त्याच्या खाकरण्यावरून कळलं.

"नोकरी गेली तं काय करू आपण?" तिने विचारलं.

"ते मले नाही माहीत," तो म्हणाला. "पण उद्या रविवार हाये. सगळे सेमिनरी हिल्सवर येतात. तिथं तर कोणाचा पासवर्ड नाही लागत."

रविवारी उजाडता उजाडता दोघे बालोद्यानापाशी उभे होते. थंडी होती, धुकं होतं, पोह्यांच्या गाडीवर तिखट रश्श्याचं, तर्रीचं पातेलं तापत होतं. कामिनीच्या हातात नूपुरच्या हेल्मेटचे दोन तुकडे होते. चार माणसांसमोर बोलायची तिला सवय नव्हती. पहिलं निळं हेल्मेट धुक्यातून चढावर येताना दिसलं आणि ती पोह्यांच्या गाडीआड झाली. ताराचंदच रस्त्यात आडवा झाला.

एक तरुण जोडपं होतं. कामिनीने तुकडे पुढे केले. "हे घालू नका," एवढंच बोलता आलं.

"अहो ताई, तुम्हीच तर सांगितलं होतं घ्यायला!" मुलगी म्हणाली.

"हो. मीच सांगतलं होतं."

मुलीने तुकडा हातात घेऊन दाबला. थर्माकोलचे दाणे तिच्या हातमोज्यावर पडले. तिने आपल्या डोक्यावरचं सोडलं आणि नवऱ्याच्याही डोक्यावरचं काढायला लावलं. मग दुसरे आले, तिसरे आले. काही चिडले. एक गृहस्थ म्हणाले, जाहिरातीचे पैसे घेताना नाही कळलं का? तिने तुकडा त्यांच्याही पुढे केला. कोणी हेल्मेट देऊन पुढे न जाता थांबून आणखी दोघांना फोन करायचं. पोह्यांच्या गाडीमागे निळा ढीग वाढत गेला.

मग एक पांढरी गाडी रस्त्यापलीकडे येऊन थांबली. काच खाली झाली. आतल्या माणसाने फोन वर धरून कामिनीचा फोटो काढला, मग ताराचंदचा, मग ढिगाचा. गाडीतून उतरला मात्र नाही. कामिनी ताराचंदच्या जवळ सरकली. ताराचंदने तिचा हात धरला तर त्याचा तळवा घामाने ओला, एवढ्या थंडीत.

"जायचं का घरी?" त्याने विचारलं.

"जावंसं तं वाटून राहिलं," ती म्हणाली. पण चढावर आणखी एक निळं हेल्मेट दिसत होतं, म्हणून ती थांबली.

तो पुष्कर होता. सायकलवरून उतरून तो तिच्यासमोर उभा राहिला. डोळे सुजलेले होते. त्याने हेल्मेट काढून हातात धरलं.

"ताई, मी घाबरलो होतो. त्यांनी माझ्या कंपनीचं नाव घेतलं. मी काढून टाकलं सगळं." त्याने पलीकडच्या गाडीकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली. "काल नूपुरला बघायला गेलो होतो. तिच्या डोक्याचे केस काढलेत. आत्ता निघायच्या आधी व्हिडिओ परत टाकला. तुमचा फोटोही काढला."

कामिनीला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि जवळ घ्यावंसंही वाटलं. "मी काय कमी घाबरून राहिली का बाबू?" ती म्हणाली. "ते हेल्मेट ठेव तिकडे. आणि त्या बाया येऊन राहिल्या, त्याईले थांबव."

पुढे जे झालं ते फार मोठं नाही. व्हिडिओ पसरला. वकिलाची नोटीस आली. डॉक्टरसाहेबांनी ती वाचून कामिनीला बोलावलं आणि विचारलं, "भोपळा खरा होता ना?" ती हो म्हणाली. ते म्हणाले, "मग जा, बाहेर पेशंट बसलेत." नोटिशीनंतर दुसरं काही आलं नाही. पण ते येणार नाही असं कोणी तिला सांगितलंही नाही, त्यामुळे कित्येक महिने पोस्टमन गल्लीत शिरला की ती दारात जाऊन उभी राहायची. कृष्णकांतने निळं हेल्मेट दुकानातून काढून टाकलं. दिल्लीला परत गेलं की दुसऱ्या गावाला, कळलं नाही. ताराचंदचं कॉन्ट्रॅक्ट मार्चात संपलं तेव्हा पुढे वाढवलं नाही. त्याचा कृष्णकांतशी संबंध होता की नव्हता हेही कळलं नाही. चार महिने घरी बसून त्याला दुसऱ्या कारखान्यात काम मिळालं.

सगळी हेल्मेटं परत आली नाहीत. फेरीत वाटलेल्यांपैकी निम्म्याच्या वर आली असतील. बाकीची अजून कुठेतरी कोणाच्या तरी डोक्यावर आहेत, हा विचार कामिनीला रक्त घेताना येतो, स्वयंपाक करताना येतो. साइट चालू आहे. जाहिरातीही आहेत, कारण साइट चालवायला खर्च लागतो. पण कुठलीही वस्तू कामिनीने निदान एक पावसाळा स्वतः वापरल्याशिवाय तिथे येत नाही, त्यामुळे जाहिराती थोड्याच आहेत. पासवर्ड आता ताराचंदसकट तिघांकडे असतो.

नूपुर सहाव्या दिवशी शुद्धीवर आली. बोलायला, चालायला लागली. हळूहळू कामावरही जाऊ लागली. एक गोष्ट मात्र गेली ती परत आली नाही. तिला वास येत नाही. फोडणीचा नाही, पावसाचा नाही, गॅस सुटला तर त्याचाही नाही. चारुशीलाकाकू तिला स्वयंपाकघरात एकटी सोडत नाहीत.

अपघाताला वर्ष उलटून गेल्यावर फेब्रुवारीत नूपुर स्वतःहून म्हणाली, मला एकदा लांब जायचं आहे. नरखेडकडे ताराचंदच्या मामांची संत्र्याची बाग आहे. सायकली बसच्या टपावर टाकून तिघे मोवाडच्या रस्त्याला उतरले आणि तिथून बागेपर्यंत चालवत गेले. आंबिया बहार फुलला होता. झाडं पांढरी झाली होती आणि वास इतका दाट होता की ताराचंद म्हणाला, डोकं जड होऊन राहिलं.

नूपुर सायकल धरून बांधावर उभी राहिली. एक फूल नाकाशी नेलं आणि खाली आणलं.

"कसा आहे गं?" तिने कामिनीला विचारलं.

कामिनीने एक फूल हुंगलं. "गोड हाये," ती म्हणाली. मग म्हणाली, "नाही, नुसता गोड नाही. थोडा कडू. नव्या लुगड्याची घडी मोडल्यावर कसं वाटते, तसा."

नूपुर हसली. सायकलवर बसली आणि बागेच्या उताराच्या वाटेने निघाली. वेग घेतला. केस आता मानेपर्यंत वाढले होते, ते हेल्मेटखालून उडत होते. कामिनी मागे होती. "हळू वं," ती ओरडली. नूपुरने हात वर केला, पण वेग कमी केला नाही. वाट पुढे कडुनिंबाच्या आड वळत होती. कामिनीने दोन्ही ब्रेकवर बोटं घट्ट आवळली, नूपुरची पाठ दिसेनाशी झाली तशी बोटं सोडली, आणि जोरात पायडल मारत तिच्या मागे गेली.